टेबलावरच्या सहा बाटल्या

काल रात्री पावणेबाराला तू फोटो पाठवलास. जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडलेल्या सहा बाटल्या. दिरानं दुबईहून पाठवलेलं फिश ऑइल, मावशींच्या व्हिटॅमिन ईच्या हिरव्या कॅप्सूल, हळदीच्या अर्काच्या गोळ्या, पाण्यात फसफसणारं व्हिटॅमिन सी, सेलेनियम-झिंकवाल्या ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्या आणि शेजारच्या वहिनींनी घरी काढून दिलेला आवळ्याचा रस. खाली तुझं एकच वाक्य, ‘ताई, आईची बायपास बारा दिवसांवर आलीय, यातलं काय सुरू करू?’

खरं सांगू का, त्या फोटोत मला बाटल्यांपेक्षा तूच जास्त दिसलीस. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी रिपोर्टांची फाइल घेऊन धावाधाव, पोरांचा अभ्यास, आईचं पथ्य, आणि वर प्रत्येक नातेवाइकाचा फोन, ‘हे देतेस ना गं तिला?’ दिलं नाही आणि काही झालं तर आयुष्यभर बोल लागेल, ही भीती मला ओळखीची आहे. मी त्यातून गेलेय.

म्हणून आधी उत्तर देते, मग सावकाश बोलू. आज यातलं काहीही सुरू करू नकोस. सहाही बाटल्या एका कापडी पिशवीत भर. आई, म्हणजे आपल्या काकू, आधीपासून जे काही घेतायत, रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, गुडघ्याचा काढा, झोपेचं चूर्ण, सगळं त्याच पिशवीत टाक. ऑपरेशनच्या आधी सर्जन आणि भूलतज्ज्ञ भेटतील, तेव्हा ती पिशवी त्यांच्यासमोर टेबलावर रिकामी करायची. एवढं केलंस की तुझ्या डोक्यावरचं अर्धं ओझं त्यांच्या डोक्यावर गेलं.

आता तू म्हणशील, पण दीर तर सांगतो की हृदयाच्या ऑपरेशनमध्ये अँटिऑक्सिडंटचं फार महत्त्व आहे. तो खोटं बोलत नाहीय गं. महत्त्व आहेच. फक्त ते कुठे आणि कधी आहे, हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नाही. ते तुला समजलं, की फोनवर कुणी काहीही म्हणो, तू गडबडणार नाहीस.

तू गावी चूल पेटवलीयस ना? आठव बरं. लाकडं ठासून भरलीयत, हवा कोंडलीय, आत नुसता धूर आणि धग. अशा चुलीत आपण फुंकणी लावून जोरात फुंकतो, तेव्हा काय होतं? भप्पकन जाळ होतो आणि ठिणग्या उडून पदरापर्यंत येतात. हवा तर हवीच होती, तिच्याशिवाय जाळ होणारच नव्हता. पण इतका वेळ कोंडलेल्या चुलीला ती एकदम मिळाली.

हृदयाचं असंच होतं बघ. मशीनवरच्या बायपासमध्ये सर्जन महाधमनीवर क्लॅम्प लावतात, म्हणजे चिमटा. मग हृदयाला पोटॅशियम असलेला थंड द्रव देऊन थांबवतात. कार्डिओप्लेजिया म्हणतात त्याला. तेवढा वेळ बाकीच्या शरीराला रक्त पुरवायचं काम हार्ट-लंग मशीन करतं. हृदयाच्या स्नायूला मात्र नेहमीचा रक्तपुरवठा मिळत नाही. पेशींमधला इंधनाचा साठा, एटीपी म्हणतात तो, हळूहळू खर्च होतो आणि त्याचा चोथा मागे साठत जातो. सगळे जोड शिवून झाले की चिमटा निघतो, आणि ऑक्सिजन घेऊन ताजं रक्त धावत आत येतं. त्या पहिल्या काही मिनिटांत ठिणग्या उडतात. पेशींमधली ऊर्जेची यंत्रणा अडखळत सुरू होते आणि थोडा ऑक्सिजन वाट चुकून सुपरऑक्साइडसारख्या तापट कणांत बदलतो. साठलेल्या चोथ्यातून आणखी थोडे तयार होतात. मशीनच्या प्लास्टिकच्या नळ्यांमधून फिरून आलेल्या पांढऱ्या पेशी चवताळलेल्या असतात, त्या आणखी भर घालतात. फ्री रॅडिकल्स म्हणतात ते हेच. ते पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध भागाला डसतात.

म्हणजे बघ, रक्त नसताना झालेलं नुकसान वेगळं आणि रक्त परत आल्यावर झालेलं वेगळं. ह्या दुसऱ्याला डॉक्टर रिपर्फ्युजन इन्जुरी म्हणतात. त्यामुळे स्नायू काही तास, कधी एखाद-दोन दिवस मलूल राहतो. मेलेला नसतो, नुसता गांगरलेला असतो. म्हणून आयसीयूत पहिल्या दिवशी काकूंच्या शेजारी सिरिंज पंप ओळीनं लावलेले दिसतील, हृदयाला आधार द्यायला. ते बघून ‘आईचं काही बिघडलं का’ असं मनात आणू नकोस. बऱ्याच जणांना ते लागतात आणि एकेक करून निघतात.

आता ह्या ठिणग्यांवर पाणी कोण मारतं? आधी आपलं शरीरच. १९६९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच ह्या दोघांनी दाखवून दिलं, की सुपरऑक्साइडला निष्प्रभ करणारं एक एन्झाइम आपल्या शरीरात आहे. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज त्याचं नाव. त्याच्या जोडीला कॅटलेज, ग्लुटाथायोन, आणि जेवणातून येणारी सी आणि ई जीवनसत्त्वं. म्हणजे काकूंच्या प्रत्येक पेशीत राखणदार आधीच बसलेले आहेत. ते दुकानातून आणावे लागत नाहीत.

आणि दुसरी गोष्ट, जी मला कुणी सांगितली असती तर मी तेव्हा शांत झोपले असते. ऑपरेशन थिएटरमधली माणसं ह्याच ठिणग्यांचा विचार पन्नासएक वर्षं करतायत. लॉस एंजेलिसच्या जेराल्ड बकबर्ग ह्या सर्जननी १९७० च्या दशकात हृदय थांबवायच्या द्रवात रुग्णाचंच रक्त मिसळायची पद्धत पुढे आणली. का, माहितीय? तांबड्या पेशींमध्ये हे सगळे राखणदार फुकट मिळतात, शिवाय त्या ऑक्सिजनही पुरवतात. मुलांच्या ऑपरेशनसाठी तयार झालेला आणि आता मोठ्यांनाही दिला जाणारा डेल निडो नावाचा द्रव आहे, त्यात मॅनिटॉल असतं. ते फ्री रॅडिकल्स टिपून घेतं. अनेक ठिकाणी मशीनच्या नळ्या भरायच्या द्रवातही मॅनिटॉल घालतात. भुलीसाठी वापरतात ते पांढरं दुधासारखं प्रोपोफॉल, त्याच्या रेणूची ठेवण थोडी व्हिटॅमिन ईसारखी असल्यामुळे त्यालाही थोडा अँटिऑक्सिडंट गुण आहे. वर गारवा, चिमटा कमीत कमी वेळ ठेवण्याची सर्जनची धडपड, आणि मशीनपाशी बसलेल्या पर्फ्युजनिस्टचं प्रत्येक आकड्यावरचं लक्ष. हे सगळं मिळून अँटिऑक्सिडंटचं काम चालू असतं गं. ते आपल्याला काचेबाहेरून दिसत नाही, म्हणून आपण बाटल्या गोळा करत बसतो.

एक विचारून ठेव मात्र. आपल्याकडे बऱ्याच बायपास मशीनशिवाय, धडधडत्या हृदयावर करतात. डॉक्टर त्याला बीटिंग हार्ट म्हणतात. तसं असेल तर हृदय थांबवायचा प्रश्नच येत नाही, आणि ह्या ठिणग्याही कमी उडतात. कुठली पद्धत काकूंना योग्य, ते त्यांच्या रक्तवाहिन्या आणि हृदयाची ताकद बघून सर्जन ठरवतील. तू हट्ट धरू नकोस, पण विचार जरूर.

काकू ‘माझं हृदय थांबवणार म्हणे’ असं म्हणून रात्री रडल्या, हे तू सांगितलंस आणि माझ्या पोटात कालवलं. त्यांना एक गोष्ट सांग. १९३१ साली बोस्टनमध्ये जॉन गिबन नावाचा तरुण डॉक्टर एका रुग्ण बाईच्या उशाशी रात्रभर बसून होता. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गाठ अडकली होती आणि तो काही करू शकत नव्हता. तिचं रक्त बाहेर काढून, ऑक्सिजन देऊन परत आत सोडता आलं तर, असं त्याच्या मनात आलं. त्यानंतर तो आणि त्याची बायको मेरी, दोघं प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं त्या यंत्राशी झटले. ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं भोक त्यांनी त्या यंत्राच्या आधारानं शिवलं. २६ मिनिटं तिचा सगळा रक्तप्रवाह यंत्रावर होता. मुलगी बरी होऊन घरी गेली. आता तासभर, दीड तास थांबवलेलं हृदय रोज कितीतरी गावांत परत चालू होतं. मी आमच्या अण्णांना त्यांच्या ऑपरेशनआधी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, ‘ती बायको पण डॉक्टर होती का?’ नव्हती, पण त्या प्रयोगशाळेचा निम्मा भार तिच्यावर होता. अण्णा त्या रात्री झोपले.

आता वळू बाटल्यांकडे. आधी व्हिटॅमिन सी, कारण त्यात थोडं तथ्य आहे. हृदयाच्या ऑपरेशननंतर रक्तातलं व्हिटॅमिन सी खरंच घसरतं. ऑपरेशननंतर साधारण तीन-चार जणांमागे एकाला हृदयाचे ठोके बेताल होण्याचा त्रास होतो, बहुतेक करून दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात त्याला. व्हिटॅमिन सीनं ते टळतं का, हे पुष्कळ जणांनी तपासलं. २०१७ साली सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर अमेरिकेतल्या पाच चाचण्यांत काडीचा फरक नव्हता, आणि अमेरिकेबाहेरच्या नऊ चाचण्यांत त्रास बराच कमी दिसला. आता बोल! चिलीमधल्या डॉक्टरांनी २०३ रुग्णांवर आणखी एक प्रयोग केला, तो २०१३ मध्ये छापून आला. ओमेगा-३, सी आणि ई असं तिन्ही मिळून दिलं. ते घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांच्या आसपास लोकांचे ठोके बिघडले, न घेणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांचे. तुझ्या दिरानं बहुधा असलंच काहीतरी वाचलं असणार.

पण गोष्ट तिथे थांबत नाही ना. तेच फिश ऑइल एकट्यानं, अमेरिका, इटली आणि अर्जेंटिनातल्या मिळून १,५१६ रुग्णांना देऊन पाहिलं, २०१२ साली निकाल आला. काही उपयोग झाला नाही. सेलेनियमचं तर अलीकडचंच आहे. जर्मनी आणि कॅनडातल्या हृदयाच्या ऑपरेशनच्या चौदाशेच्या आसपास रुग्णांना ते मोठ्या डोसमध्ये शिरेतून दिलं, २०२३ मध्ये निकाल जाहीर झाला, फायदा शून्य. लहान प्रयोगात उजळलेली गोष्ट मोठ्या प्रयोगात फिकी पडते, हे ह्या विषयात पुन्हा पुन्हा झालंय.

आणि बघ, निरुपद्रवी म्हणावं तर तसंही नाही. व्हिटॅमिन ई रोज ४०० युनिट घेतलं तर हृदयविकार टळतो का, हे होप नावाच्या मोठ्या चाचणीत तपासलं. २००० साली उत्तर आलं, टळत नाही. तीच माणसं आणखी काही वर्षं पाहिली, तर २००५ मध्ये असं दिसलं, की व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत हृदय कमकुवत होण्याचं प्रमाण थोडं जास्तच होतं. रक्तातल्या जंतुसंसर्गानं अत्यवस्थ झालेल्या आयसीयूतल्या रुग्णांना शिरेतून भरपूर व्हिटॅमिन सी दिलं, २०२२ मधली गोष्ट, तर त्यांची परिस्थिती न घेणाऱ्यांपेक्षा वाईट निघाली. ती माणसं वेगळी, आजार वेगळा, काकूंशी त्याचा थेट संबंध नाही. पण ‘जीवनसत्त्वच तर आहे, त्यानं काय होणार’ हे वाक्य मी तेव्हापासून तोंडातून काढत नाही.

तुझ्या नणंदेनं ओळखीच्या क्लिनिकमध्ये व्हिटॅमिन सी आणि ग्लुटाथायोनची ड्रिप लावून घ्यायला सुचवलंय ना? त्याला मात्र स्पष्ट नाही म्हण. मी रागवेन हं, लावलीस तर. काकूंना मधुमेह आहे. शिरेतून मोठ्या डोसमध्ये व्हिटॅमिन सी गेलं, की बोट टोचून साखर मोजायचं यंत्र काही वेळा फसतं आणि साखर असते त्यापेक्षा जास्त दाखवतं. मग त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन जास्त दिलं गेलं तर? शिवाय त्याचं ऑक्झलेट होऊन मूत्रपिंडावर भार येतो, तो वेगळाच. ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञांना व्हिटॅमिन सी द्यावंसं वाटलं, तर ते देतील. त्यांच्यासमोर मॉनिटर असतो, रक्ताचे रिपोर्ट असतात. कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये ते नसतं.

हळदीचं ऐकून तुला गंमत वाटेल. थायलंडमध्ये बायपासच्या १२१ रुग्णांवर हळदीतल्या करक्युमिनचा प्रयोग झाला, रोज ४ ग्रॅम, ऑपरेशनच्या तीन दिवस आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंत. ऑपरेशननंतर हृदयाच्या स्नायूला इजा होण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आलं. छान वाटतं ना? आता हिशेब कर. आपल्या डब्यातल्या हळदीत करक्युमिन असतं साधारण तीन टक्के. म्हणजे ४ ग्रॅम मिळवायला रोज सव्वाशे-दीडशे ग्रॅम हळद खायला हवी. तू दुधात टाकतेस ती चिमूट काकूंना उबदार वाटेल, घशाला बरं वाटेल, आणि तेवढं पुरे आहे. त्या अर्काच्या गोळ्यांचं मात्र वेगळं. मोठ्या डोसमध्ये करक्युमिन रक्त गोठण्यात ढवळाढवळ करू शकतं. काकूंना आधीच अॅस्पिरिन चालू आहे. आणि एकशेएकवीस माणसांवरच्या एका प्रयोगावर मी माझ्या आईला गोळ्या दिल्या नसत्या.

रक्ताचा विषय निघाला, तर आता माझं सांगते. अण्णांच्या वेळी मी तीन गोष्टी चालू केल्या होत्या. फिश ऑइल, व्हिटॅमिन ई आणि लसणाच्या तेलाच्या कॅप्सूल. महिनाभर, रोज सकाळी माझ्या हातानं. डॉक्टरांनी औषधांची यादी मागितली, तेव्हा मी ह्यातलं एकही लिहिलं नाही. मला ती औषधं वाटलीच नव्हती, ती माझ्या दृष्टीनं काळजी होती. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई तपासायला आल्या. त्यांनी अण्णांना सरळ विचारलं, ‘घरचं काही घेता का, कॅप्सूल, चूर्ण, काढा?’ अण्णांनी सगळं सांगितलं. बाई माझ्यावर चिडल्या नाहीत, फक्त खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, ‘ही तिन्ही रक्त पातळ करायला हातभार लावतात. अॅस्पिरिनच्या जोडीला हे असल्यावर छाती उघडल्यावर रक्त थांबवायला आम्हाला किती त्रास होईल, कल्पना आहे?’ ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं. तो आठवडा अण्णांच्या छातीतल्या प्रत्येक कळेबरोबर मी मरत होते. म्हणून तुला एवढं टोचून सांगतेय, राग मानू नकोस.

तेव्हा पिशवीचं लक्षात ठेव. अशा गोळ्या बहुतेक सर्जन एक-दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात, नेमकं किती ते ते सांगतील. काकू यातलं काही आधीच घेत असतील तर उद्याच फोन कर, भेटीची वाट बघू नकोस. आणि उलटंही तेवढंच खरं. रक्तदाबाची, ठोक्यांची, कोलेस्टेरॉलची गोळी किंवा अॅस्पिरिन आपल्या मनानं बंद करायचं नाही. साखरेच्या काही गोळ्या ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात, काही नाही. प्रत्येक गोळीपुढे ‘चालू’ की ‘बंद, अमुक तारखेपासून’ असं डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे आणि तो कागद फ्रिजवर चिकटव. तू घरी नसलीस तरी कुणीही वाचून देऊ शकेल.

मग खायला काय द्यायचं? जेवण दे गं, आपलं नेहमीचं. व्हिटॅमिन सीची बाईमाणसाची रोजची गरज आपल्याकडे ६५ मिलिग्रॅम धरतात. एका मध्यम पेरूत त्याहून जास्त असतं. रोज २०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटात गेलं, की पेशी जवळजवळ भरतात, वरचं मूत्रपिंडं बाहेर टाकतात. म्हणून हजाराच्या गोळीनं पाचपट भलं होईल असं धरू नकोस. साखर आहे म्हणून पेरू एका वेळी अर्धा दे, आवळा किसून कोशिंबिरीत घाल, वरणावर लिंबू पिळ, लाल भोपळा, टोमॅटो, मेथी, शेवग्याच्या शेंगा. व्हिटॅमिन ई हवं तर शेंगदाण्याचं कूट आहेच की भाजीत, मूठभर दाणे आहेत. पण ह्या बारा दिवसांत मला जास्त काळजी प्रथिनांची आहे. जखम भरायला तीच लागतात. मुगाचं घट्ट वरण, दही, पनीर, अंडं चालत असेल तर अंडं. काकू ‘भूक नाही’ म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढतात, ते मात्र मोडून काढ. ऑपरेशननंतर तोंडाची चव जाते, तेव्हा भांडार आधीच भरलेलं असावं.

पुढे-मागे कुणाला झडप बदलून वॉरफेरिन चालू असेल, तर पालेभाजीचं थोडं सांभाळावं लागतं. व्हिटॅमिन के त्या गोळीच्या विरुद्ध जातं. पालेभाजी सोडायची नाही, पण रोज साधारण सारखी खायची. काकूंची नुसती बायपास आहे. त्यांना ती गोळी लागली तर घरी सोडताना डॉक्टरांना विचारून घे. शहाळ्याचं पाणीही विचारून. त्यात पोटॅशियम बरंच असतं, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात साठतं.

आणि आता मशेरी. काकूंची ती छोटी डबी मला माहितीय, मोरीतल्या फळीवर साबणाच्या मागे ठेवतात ती. तू तिच्याबद्दल डॉक्टरांकडे काही बोलली नाहीस, कारण काकूंनी शपथ घातली. बघ, सहा बाटल्यांत मिळून जेवढं काम होणार नाही, तेवढं ती डबी बंद केल्यानं होईल. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, ठोके वाढवतं. एकीकडे तंबाखू आत घालायची आणि दुसरीकडे अँटिऑक्सिडंटची गोळी द्यायची, हे एका हातानं चूल पेटवून दुसऱ्या हातानं विझवण्यासारखं आहे. चार आठवडे आधी सोडली असती तर उत्तम. बारा दिवस उरलेत, तर बारा दिवस. पण चारचौघांत विषय काढून त्यांना ओशाळं करू नकोस. पन्नास वर्षांची सवय आहे. डॉक्टरांना हळूच सांग, आणि घरी मंजन, लवंग, बडीशेप हाताशी ठेव. दोन दिवस चिडतील, डोकं दुखतंय म्हणतील. तू शांत राहा.

त्याच फळीवर डबीच्या जागी तीन चेंडूंचं श्वासाचं खेळणं ठेव. औषधाच्या दुकानात स्पायरोमीटर म्हणून मिळतं. श्वास आत ओढून चेंडू वर धरायचे असतात. आत्तापासून दिवसातून तीन-चारदा सवय झाली, की ऑपरेशननंतर छाती दुखत असतानाही जमतं. खोकताना छातीशी घट्ट धरायला एक छोटी उशीही हॉस्पिटलच्या बॅगेत टाक.

खर्चाचं तू विचारलं नाहीस, पण मला कळतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपास बसते. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला गाठ. ह्या सहा बाटल्यांची बेरीज मी केली, पाच हजारांच्या घरात गेली. त्यात काकूंच्या एका महिन्याच्या औषधांचा बराचसा खर्च निघेल.

ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या रात्रीचं सांगून ठेवते. अण्णांना तेव्हा छातीत पाखरू फडफडल्यासारखं झालं. मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी धावायला लागली आणि माझ्या मनात पहिला विचार आला, मी व्हिटॅमिन बंद केलं म्हणून झालं का हे? नर्सनं खांद्यावर हात ठेवून सांगितलं, ‘ताई, हे आम्ही दर आठवड्याला बघतो.’ पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासलं, कमी होतं ते भरून काढलं, अमिओडेरोन दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठोके ताळ्यावर आले. काकूंना तसं झालंच, तर स्वतःला कोर्टात उभं करू नकोस. ते अडवायला मुख्य भरवसा ठोक्यांच्या गोळीवर, बीटा ब्लॉकरवर असतो. म्हणून ती गोळी एकही दिवस चुकता कामा नये, हेच तुझं काम.

दिराला काय सांगायचं, ते मी सांगते. ‘भाऊजी, तुम्ही पाठवलेलं सर्जनना दाखवलं, ते म्हणाले ऑपरेशननंतर बघू.’ बस. त्यात खोटं काही नाही आणि त्याचं मनही राहतं. मावशींनाही हेच. माणसं बाटल्या पाठवतात, कारण त्यांना इथे येऊन उशाशी बसता येत नाही. त्यांना दुसरं काम दे. दिराला रक्तदात्यांची सोय बघायला सांग, मावशींना ऑपरेशननंतर आठवडाभर दुपारचा डबा. बघ कसे उत्साहानं लागतात.

मी रविवारी सकाळी नऊपर्यंत येते. पोरांना माझ्याकडे सोपव, तू आणि काकू निवांत भूलतज्ज्ञांकडे जाऊन या. पिशवी दारातच अडकवून ठेव, म्हणजे विसरणार नाही. आणि डॉक्टरांना दाखवून झालं, की वहिनींनी एवढ्या मायेनं काढलेला तो आवळ्याचा रस वाया घालवू नकोस. तो तू पी. गेल्या पंधरा दिवसांत तू स्वतः नीट जेवली आहेस का गं?